शेरीऐवजी काळ्या मनुका

पनवेल,
ता. २१ फेब्रुवारी १९५१

प्रिय वेणूबाय,

साष्टांग नमस्कार. तुझी सून रंभा हे पत्र वाचून दाखवील तेव्हा तिला सांग, भराभर वाचू नको आणि मधलं काही गाळू नको. काल बंगल्यावर जे झालं ते पहिल्यांदा तुलाच सांगायचं आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी या प्रवासी बंगल्यावर आचारी झालो. साहेबलोकांच्या पुडिंगात शेरी नावाची दारू पडते हे तुला कळलं, आणि माझ्या ओट्यावर उभी राहून तू म्हणालीस, "कमळाकर, तुज्या हाताला दारू लागलेय. मी तुज्याकडं नाय जेवनार." त्यानंतर माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. आई गेल्यावर तूच मला भरवून वाढवलंस, त्यामुळे ते फार लागलं. पण माझ्या गळ्यात तुळशीची माळ, म्हणून शेरी कधी जिभेला लावली नाही. चमच्याने मोजायची, नाकाने पारखायची, एवढंच.

गेल्या वर्षी दारूबंदी आली आणि शेरी बंद झाली. पाहुणे मात्र तेच पुडिंग मागत. चव ठाऊक नाही, वास तेवढा आठवतो. मग वासाच्याच मागे लागलो. नुसता आंबट शिरका घातला, दूध फाटलं. जांभळाचा रस घातला, पुडिंग निळं पडलं. शेवटी काळ्या मनुका भिजवून, कुटून मंद आचेवर उकळल्या, गाळल्या. साखर तांबूस जाळून त्या पाण्यात विरघळवली, भाजलेला बदाम उगाळून घातला आणि खाली उतरवल्यावर शिरक्याचे दोन थेंब. बाय, झाकण काढलं आणि तोच वास! एकटाच हसत सुटलो.

मग चूक केली. मनुकांचं आठवड्याचं पाणी एकदम करून शेरीच्याच रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं. चौथ्या दिवशी बूच उडून कौलाला लागलं. आत नुसता फेस. माळकरी माणसाने स्वतःच्या हाताने दारू केली होती! तशीच परसात ओतली, बाटली फोडली, डोक्यावरून पाणी घेतलं. तेव्हापासून रोजचं रोज करतो, उरलं तर टाकतो.

काल दारूबंदीचे एक इन्स्पेक्टर मुक्कामाला आले. पुडिंगाच्या दुसऱ्या घासाला थांबले, वाटीला नाक लावलं. "बाटली काढ." मी म्हटलं, "बाटली नाय साहेब, मनुका हायेत." "मनुकांना असा वास? मला शिकवतोस?" त्यांनी तांदळाचं पिंप पाहिलं, माझी वळकटी उलगडली, देवाजवळचा तीर्थाचा तांब्यासुद्धा हुंगला. मनात आलं, नोकरी जाईल ते जाईल, पण बेड्या पडल्या असत्या तर तू पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकलं नसतंस. मी पाट मांडला आणि म्हटलं, बसा चुलीपाशी. सगळं पहिल्यापासून त्यांच्यासमोर केलं. त्यांनी चमचा चाटला, मग पातेलंच जवळ ओढलं. आज सकाळी निघताना म्हणाले, "आचारी, हे आमच्या घरच्यांसाठी लिहून दे. पण वास जरा कमी कर, नाहीतर माझीच नोकरी जाईल."

आता खरं बोलतो. हे ऐकून तुला वाटेल, भावाने धर्मासाठी दारू सोडली. तसं नाही. मी सोडली नाही, सरकारने सोडवली. कायदा नसता तर आजही चमचा मोजत असतो. हे लपवून तुला बोलवायचं मनाला पटेना. माझ्या मालूचं लग्न ठरलं आहे. सोमवारी हळद. आत्याचा हात लागल्याशिवाय पाटावर बसणार नाही म्हणते पोरगी. स्वयंपाक मीच करणार. पंगतीत पहिलं पान तुझं मांडीन. बसलीस तर वाढीन. नाही बसलीस, तरी त्या पानावर दुसऱ्या कुणाला बसवणार नाही.

तुझाच धाकटा,
कमळाकर