बिनगिअरची गाडी

२ मार्च
नवी गाडी बघायला गेलो, तर चावी माझ्या हातात दिलीच नाही! प्रशील शोरूममध्ये शिरला, त्या पियुष नावाच्या सेल्समनशी हात मिळवला आणि सरळ ड्रायव्हर सीटवर जाऊन बसला. मला म्हणे, "आबा, तुम्ही मागे बसा, आरामात."

आरामात! उभा जन्म एसटी हाकली — धुळे-जळगाव, धुळे-साक्री — आणि पोटचा पोरगा मला मागे बसवतो. शेजारी कोण? तर त्याची आई. द्रौपदाला गाडीतलं एवढंच कळतं की दार जोरात लावायचं असतं.

पियुष सांगतो, "काका, हिच्यात सहा एअरबॅग आहेत." मी म्हटलं, "बाळा, माझ्या गाडीत एक नव्हती, अन् एका पॅसेंजरला कधी खरचटलं नाही." हसला. खोटं हसला.

प्रशील नोकरीला जळगावला, सूनबाई समीक्षाही तिथेच. गाडी मात्र इथे धुळ्याला, आमच्या दारात राहणार. "तुम्हा दोघांसाठी घेतोय," म्हणे. दोघांसाठी घेतोस तर चालवणार कोण? मीच ना? मग?

३ मार्च
इथे तरी खरं लिहितो. उजव्या डोळ्यात काचबिंदू आहे. मागच्या वर्षी शिबिरात डॉक्टरीणबाई म्हणाली, "कडेचं दिसणं गेलंय, ते परत येत नाही. आहे तेवढं थेंबांनी टिकवा. आणि गाडी चालवणं बंद." घरात कोणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. समोरचं लख्ख दिसतं मला! थेंबांची बाटली दाढीच्या डब्यात, ब्रशाखाली. रात्री हळूच टाकतो.

ड्रायव्हरचा डोळा गेला तर राहिलं काय? गल्लीत अजून सगळे 'डायवर आबा' म्हणतात. उद्या आंधळा आबा म्हणतील. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड नाही धरता येत.

तेव्हा ठरलं. नवी गाडी मीच चालवणार. द्रौपदाला शेजारी बसवून साक्रीला, तिच्या माहेरी. तिचे भाऊ उंबऱ्यात उभे राहून बघतील. मग पुढचं पुढे.

७ मार्च
सकाळी चहा नाही. ही विहारात. जानेवारीपासून रोज धम्मवर्ग आहे म्हणे. इतकी वर्षं सुचलं नाही, ते आता सुचलं! परत आली ती डावी पोटरी चोळत बसली. बसून ऐकण्यात पोटरी कशी दुखते? विचारलं तर म्हणे, "वय व्हयनं." आणि मी काय तरणाबांड आहे?

९ मार्च
आज मला चालवायला दिली! मीच हट्ट धरला. लाल गाडी, बिनगिअरची. नगावबारीच्या रस्त्याला काढली.

क्लच नाही. डाव्या पायाला कामच नाही. पण हे पायाला कोण सांगणार? गतिरोधक दिसला, डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला — आणि बसला ब्रेकवर! गाडी खाडकन जागीच उभी. समीक्षाचं कपाळ पुढच्या सीटवर, पियुषचा मोबाईल पायाशी. मागचा रिक्षावाला काय काय बोलला ते लिहीत नाही.

"काही लागलं नाही आबा," समीक्षा म्हणाली. मला लागलं ते.

बिनगिअरची गाडी म्हणजे बिनतिखटाची शेवभाजी. असली गाडी नको. प्रशीलला स्पष्ट सांगितलं. तो आईकडे बघत होता.

१६ मार्च
जळगावला गेलो. पांढरी गाडी, गिअरवाली. म्हटलं आता दाखवतो. पहिला, दुसरा, तिसरा — लोण्यासारखी चालवली! तिथल्या शोरूमचा सेल्समन, पियुषचाच भाऊबंद, शेजारी बसला होता, तोसुद्धा म्हणाला, "काका, हात बसलेला आहे तुमचा." छाती फुगली. खोटं कशाला बोलू.

चौफुलीवर वळवली आणि द्रौपदा मागून किंचाळली, "उजवीकडे! थांबा!" करकचून दाबला ब्रेक. मोटरसायकलवाला वीतभर अंतराने वाचला. पाय टेकून उभा राहिला आणि काच ठोकून म्हणाला, "ओ काका, डोळे घरी ठेवून आलात का?"

मी म्हटलं, तोच घुसला. तो घुसला नव्हता. तो सरळ येत होता, मला दिसलाच नाही.

आणि मग राग काढला कोणावर? सगळ्यांदेखत हिच्यावरच. "जन्मभर बस चालवली, आता तू मला उजवी बाजू शिकवणार?" ती बाहेर बघत राहिली. स्कूटरवरही हल्ली हेच चालतं हिचं — उजवीकून ट्रक शे, उजवीकून म्हैस शे. कुरकुर नुसती.

घरी येताना प्रशीलने चावी मागितली. दिली.

२० मार्च
थेंबांची बाटली अजून संपली नाही. शेवटची दिवाळीनंतर आणली होती. हलवून पाहिली, अर्ध्याच्या वर आहे. एवढ्याशा बाटलीत किती माल भरतात! चला, या जगात एक वस्तू तरी पुरून उरते.

२३ मार्च
झालं. गाडी ठरली. कोणती? लाल! बिनगिअरची!

"आईला हीच आवडली," प्रशील म्हणे. आईला! शोरूममध्ये ही बाई चक्क ड्रायव्हर सीटवर जाऊन बसली. बाजूचा दांडा ओढून सीट वर घेतली, खाली केली, परत वर घेतली. मान उंच करून काचेतून बघितलं. "आते नाक दिखस गाडीनं," म्हणे. मागे घेताना कॅमेऱ्यात दिसतं का, तेही विचारलं. पियुष तिलाच सगळं समजावत होता, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं फोटो काढायचा असेल हिला. जिला स्कूटरचं हँडल धरता येत नाही तिच्या पसंतीने गाडी घ्यायची, आणि ज्याने आयुष्य स्टिअरिंगवर काढलं तो कोपऱ्यात उभा राहून फुकटचा चहा पितो.

"पाडव्याला डिलिव्हरी देऊ?" पियुषने विचारलं. प्रशील म्हणाला, "चौदा एप्रिलला."

कधीही द्या. मी बसणार नाही त्यात.

२४ मार्च
कोणाशी बोललो नाही. कोणाचं काही अडलंही नाही!

२ एप्रिल
ऊन काय, भट्टी आहे. ही तरी विहारात जातेच. माझ्याशी बोलायला तिला वेळ नाही, बुद्धाशी बोलायला आहे. लिहिलं आणि वाईट वाटलं. खोडत नाही.

११ एप्रिल
बसणार नाही म्हणालो होतो, पण का नाही बसायचं? दारात गाडी आली की चावी मीच उचलायची. बघू कोण अडवतो! साक्रीला जायचं म्हणजे जायचं.

दुपारी दार लावून खुर्चीवर बसलो. डावा पाय खुर्चीखाली मुडपून ठेवला आणि नुसत्या उजव्याने ब्रेक, ॲक्सिलेटर, ब्रेक. पाय ऐकतो आता. डोळ्याला कसं शिकवायचं तेवढं कळत नाही.

१४ एप्रिल
गाडी आली. आधी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं, मग पेढे. मी हात पुढे केला. प्रशीलने चावी आईच्या हातात ठेवली.

थट्टा वाटली. द्रौपदाने पदर खोचला, ड्रायव्हर सीटवर बसली, सीट वर घेतली, पट्टा लावला. "आईचं लायसन्स आलंय आबा," समीक्षा म्हणाली. धम्मवर्ग म्हणे! ती डावी पोटरी — क्लचची पोटरी! — आणि मी, ड्रायव्हर, मला ओळखू आली नाही.

"बठा ना पुढं," ही म्हणाली. बसलो. वळणावर आरसा बघते, मी हात दाखवायच्या आधी सिग्नल देते. एक चूक सापडली नाही. जीव जळत होता माझा. देवपूरला एका मेडिकलसमोर तिने गाडी कडेला लावली.

"तुम्ही बठा. तुमना थेंब सरी गयात."

समोरचं मला लख्ख दिसतं. काचेतून दिसलं — दुकानदाराने तिला काही विचारलं नाही. तिला बघताच बाटली काढून पुढे ठेवली.