शाळेच्या भिंतीचं सिमेंट

अण्णा, शाळा पाडली नाही, हे आधी सांगते. पूर्वेकडची भिंत उभी आहे आणि तिच्या आतल्या दोन्ही वर्गांत पुन्हा मुलं बसतात. तुम्ही जाताना याच भिंतीचा घोर घेऊन गेलात, म्हणून पहिली बातमी तीच.

एका व्यापाऱ्याने गोरगरीब मुलांसाठी धर्मादाय बांधून दिलेली ती इमारत तुम्ही मुख्याध्यापक झालात तेव्हाच जुनी होती. चुन्यात बसवलेल्या काळ्या दगडाच्या जाड भिंती, बुटक्या कमानी, वर छपराच्या सागवानी कैच्या आणि कौलं. बैल फिरवून ज्या घाण्यात तो चुना मळला, त्याचा गोल चर अंगणात तसाच होता; आम्ही मुली मधल्या सुट्टीत त्यात पाय सोडून डबे खायचो. दर उन्हाळ्यात मास्तर आणि मुलं मिळून भिंतींना चुन्याचा हात देत. तुम्हाला ते मुळीच आवडायचं नाही. दरवर्षी पोपडे पडतात, धर्मादाय शाळा लांबूनच ओळखू येते, म्हणायचात. मोठ्या शाळांसारखी तुळतुळीत भिंत आमच्या पोरांना का नको, हा तुमचा हट्ट.

सत्तरच्या दशकात सिमेंट परमिटवर मिळायचं. तुम्ही सगळा हिवाळा कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेत. शेवटी पोती आली, तो दिवस मला अजून दिसतो. द्वारका नाक्याकडून हातगाडी येते आहे आणि तुम्ही मागून सायकल हातात धरून चालता आहात, वरातीत चालल्यासारखे. रात्री जेवताना आई म्हणाली, आपल्या न्हाणीतली फट बुजवायला ओंजळभर आणा की. तुम्ही ताटातून मानही वर केली नाहीत.

"ते पोरांचं आहे. पुन्हा मागू नकोस."

आई पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला ती फट दाखवून तुमची फिरकी घ्यायची. मला मात्र त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला. अजूनही वाटतो.

सिमेंटच्या गिलाव्याने भिंत देखणी झाली, यात शंका नाही. मग ऐंशीनंतर आतून ओल चढायला लागली. नकाशांना बुरशी आली, फळ्याचे खिळे सुटले. तपासणीला आलेले साहेब इमारत धोकादायक ठरवून गेले आणि दोन वर्ग व्हरांड्यात आले. तुम्ही भिंतीला हात लावून मला म्हणालात, "दगड म्हातारा झाला गं. आपल्या हातात काय आहे?" तुमचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

तुमच्यामागे भिंत पाडायचं ठरलं. सागवान सोडवायचं म्हणून मजुरांनी आधी सगळा गिलावा ठोकून काढला, आणि तेवढ्यात विश्वस्तांचं आपसात बिनसलं. काम वर्षभर पडून राहिलं. त्या वर्षात भिंत आपोआप वाळली, ठणठणीत झाली. इंजिनिअर म्हणाले, चुन्याची भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडून देते. सिमेंटने तिला कोंडून ठेवलं होतं. दगडाला काहीच झालेलं नव्हतं. आता तिथे पुन्हा चुनाच लावतात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. तुम्ही आज असतात आणि ओल कशाने आली होती, असं मला विचारलं असतंत, तर मी पावसाने म्हटलं असतं.