मेणात बुडवलेली कॉइल

अब्बा, तुमचं चुकलं होतं. "मेण पाजलं की कॉइल बहिरी होतीया," असं तुम्ही जन्मभर सांगत आलात, आणि साताऱ्यातल्या माझ्या दुकानात मी गेली कित्येक वर्षं कॉइल मेणात बुडवून विकते आहे. एकही बहिरी म्हणून परत आलेली नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसतो तो पिकअप, अशाच कॉइलचा, तारेची थरथर उचलून आवाज वाढवणाऱ्या ॲम्पकडं पाठवणारा, तो आता पुण्यामुंबईची माणसंसुद्धा माझ्याकडून गुंडाळून घेतात. हे तुम्हाला ऐकवायचं होतंच. पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. ती तुम्ही असताना सांगायला हवी होती आणि मी सांगितली नाही. जरा दमानं घेते, तुम्हीही घ्या.

आज सकाळी एक निवृत्त सुभेदार नातीला घेऊन दुकानात आले. गिटार एकच, वाजवणारे दोन. सुभेदारांना जुनी गाणी क्लीन वाजवायची, म्हणजे ॲम्प साधा ठेवून एकेक तार सुटी ऐकू आली पाहिजे. नातीला हाय गेन हवा, म्हणजे ॲम्प इतका चढवायचा की सूर फाटून जाड झाला पाहिजे आणि लांबत राहिला पाहिजे. "मॅडम, ही वाजवायला लागली की मला फायरिंग रेंज आठवते," सुभेदार म्हणाले. नात म्हणाली, "आणि आबांचं ऐकताना मला झोप येते." मी दोघांना माझ्याकडं पाठ करून बसवलं आणि दुकानातल्या दोन गिटारी आळीपाळीनं वाजवल्या. पहिलीत एका कॉइलचा पिकअप. क्लीनला तो असा बोलला की सुभेदारांची मान आपोआप हलली, पण हाय गेनला तारेच्या आधी विजेची घरघरच ऐकू यायला लागली. दुसरीत दोन कॉइलचा, एक सुलट आणि एक उलट गुंडाळलेली. त्यात घरघर जागच्या जागी मेली आणि नात उठूनच उभी राहिली. क्लीनला मात्र तो घोंगडं पांघरून बोलल्यासारखा वाटला. मी सांगितलं, गिटारच्या मानेकडं एक कॉइल बसवते, खाली दोन, मधे एक खटका देते. भांडण मिटलं. निकाल द्यायला मला अर्धा तासही लागला नाही, अब्बा. कान तुमचाच आहे.

हा कान सांगलीच्या आपल्या स्वयंपाकघरात तयार झाला. अम्मी भाकरी थापायची आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मी हातानं फिरवायच्या यंत्रावर तुमच्या बेंजोची कॉइल गुंडाळायची. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. मधेच कुणी बोललं की माझी मोजणी चुकते म्हणून अम्मी मला मीठसुद्धा खुणेनं मागायची. तुमचा बेंजो म्हणजे लाकडी पेटी, तिच्यावर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, आणि टेम्पोवर चार कर्णे. वरातीत तो असा फाटून वाजायचा की आजच्या हाय गेनवाल्यांनी कानाला हात लावावेत. पण तुमची खरी गंमत वेगळीच. वाटेत कुणी आडवं आलं की तुम्ही बेंजोवर वाकायचात, थेट पिकअपला तोंड लावून ओरडायचात, "आवं मामा, बाजूला व्हा की! नवरदेव हाय, उसाची गाडी न्हाई!" कॉइलचे वेढे सैल, ते तुमचा आवाजही उचलायचे आणि कर्ण्यांतून अख्ख्या पेठेला ऐकवायचे. माइक कशाला लागतोय, असं तुम्ही ऐटीत सांगायचात. लोक नवरदेवापेक्षा तुमच्यासाठी दारात येऊन उभे राहायचे.

सैल कॉइल शिट्टीही मारते, आणि तुमची तर भर वरातीत किंचाळायची. बायका कानात बोटं घालायच्या. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला त्या शिट्टीची भयंकर लाज वाटायची. कॉइलला मेण पाजू या, म्हणजे वेढे घट्ट बसतील, असं मी सुचवलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर भडकलात. "ती कॉइल माझं ऐकतीया. तुला त्यातलं काय कळतंय? परत मेणाचं नाव काढलंस तर यंत्राला हात लावू द्यायचो न्हाई." ते मला फार झोंबलं, कारण ती कॉइल मीच गुंडाळलेली होती. पुढच्याच शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेलात आणि मी घरातल्या सगळ्या मेणबत्त्या वाटीत घालून, वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवल्या. कॉइल बुडवली. बारीक बुडबुडे येत राहिले. ते थांबल्यावर ती काढली, पुसली आणि होती तशी बसवून टाकली. संध्याकाळी लाइट गेली आणि अम्मी अर्धा तास मेणबत्त्या शोधत घरभर चाचपडत राहिली.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला नात्यातलं लग्न होतं. मी बायकांच्या घोळक्यातून चालते आहे, तुम्ही टेम्पोवर. चारही कर्णे पूर्ण चढवलेत आणि एक शिट्टी नाही. माझी छाती भरून आलेली, कधी एकदा घरी जाऊन सांगते असं झालेलं. तेवढ्यात चौकात एक रिक्षा आडवी येऊन बंद पडते. तुम्ही वाकता, ओरडता. कर्ण्यांतून काहीच येत नाही. तुम्ही परत ओरडता, शिरा ताणून. तुमचा ढोलकीवाला हसतो, मग सगळेच हसतात. आणि तुमचा हात बेंजोकडं जात नाही, स्वतःच्या गळ्याकडं जातो.

घरी आल्यावर तुम्ही अम्मीला म्हणालात, "सूर खणखणीत येत्यात, म्हंजी कॉइल ठीक हाय. माझ्याच आवाजातला दम गेला बघ." अम्मीनं मला हळद-दूध करायला लावलं. चाळीस दिवस मी ते रोज करून दिलं, आणि रोज ठरवलं की आज सांगायचं. पेला रिकामा करून तुम्ही "हं" करून घसा साफ करून बघायचात, आणि मी पेला उचलून विसळायला जायची. त्यानंतर वरातीत तुम्ही कधी ओरडला नाहीत. ते काम ढोलकीवाल्यानं घेतलं. त्याला ना वेळेचं भान होतं, ना बोलायची रीत.

लग्न होऊन मी साताऱ्याला निघाले तेव्हा तुम्ही गुंडाळायचं यंत्र माझ्या सामानात ठेवलंत, आणि सोबत मेणबत्त्यांचा एक पुडा. हे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणालात, "साताऱ्याला लाइट लय जातीया म्हणं," आणि रिक्षा बघायला बाहेर गेलात. तुम्हाला कळलं होतं का? तुम्ही गेल्यालाही आता पंधरा वर्षं होत आली, आणि तो पुडा मी अजून फोडलेला नाही.

आज सुभेदार आणि नात गेल्यावर मी तुमच्यामागं माझ्याकडं आलेला तुमचा बेंजो काढून ॲम्पला लावला. हाय गेनला त्यानं अजूनही शिट्टी मारली नाही. तिथं मीच बरोबर, आणि यावर मी तुमच्याशीही भांडेन. क्लीनला मात्र वरची चमक थोडी कमी पडते. दुसऱ्या कुणाला कळणार नाही, मला कळते, म्हणजे तुम्हालाही कळत असणार. सुभेदारांची कॉइल मी बिनमेणाचीच ठेवणार आहे. मग मी दुकानाचं दार लोटून घेतलं, बेंजोवर वाकले आणि पिकअपला तोंड लावून जोरात ओरडले, "आवं मामा, बाजूला व्हा की!" ॲम्पमधून काहीच आलं नाही. माझा घसा अगदी ठणठणीत आहे. हा कागद मी बेंजोच्या पेटीतच ठेवते, पाठवायचा तरी कुठं. अब्बा, तुमच्या घशालाही त्या दिवशी काहीच झालं नव्हतं.