अंगठा धरणारी बाई

३ मार्च, सोमवार
एमआरआयला नवीन मदतनीस आली. बाई आहे. आधी बालवाडीत होती म्हणे. म्हणजे स्ट्रेचर कशाशी खातात हेही माहीत नसणार. मी इथे अकरा वर्षं आहे. व्हीलचेअर, गाऊन, चादरी, पेशंटच्या अंगावरचं लोखंड-बिखंड काढून घेणं, सगळं माझ्याकडे. ठरवलं, तिला मोठ्या मनाने शिकवायचं. थोडंसंच.

५ मार्च, सकाळी ११
एक आजोबा मशीनमध्ये जायलाच तयार नाहीत. बोगद्यात घालताय मला, म्हणाले. मी नियमाप्रमाणे समजावलं: हलायचं नाही, ओरडायचं नाही, वीस मिनिटं. ते जास्तच घाबरले. नवीन बाई कानात बोळे घालून आत गेली आणि त्यांच्या पायाचा अंगठा धरून उभी राहिली. आजोबा एकदम शांत. फोटो पहिल्याच फटक्यात स्वच्छ.
टेक्निशियनसाहेब तिला म्हणाले, वा! अकरा वर्षांत मला 'वा' मिळालेला नाही. एकदा 'बरं' मिळालं होतं.
खरं तर आजोबा माझ्या समजावण्यामुळेच शांत झाले. परिणाम उशिरा झाला, इतकंच.

७ मार्च
पेशंट तिला 'ताई' म्हणतात. मला 'अहो, ते तुम्ही'. जळत नाहीये मी. नोंद करून ठेवतोय.
उद्यापासून मीही अंगठा धरणार. त्यात काय मोठंसं?

८ मार्च
धरला. पेशंट चांगला धिप्पाड गडी. गुदगुल्या होतात हे त्याने आधी सांगायला हवं होतं. लाथ माझ्या हनुवटीवर. फोटो सगळे हललेले, पुन्हा पहिल्यापासून. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? म्हटलं, प्रयोग.
बाईने हनुवटीला लावायला बर्फ आणून दिला. नुसता दिखाऊपणा. बर्फ घेतला मात्र.

११ मार्च
साहेबांना लेखी तक्रार दिली. स्कॅन चालू असताना आत थांबल्याने शिस्त बिघडते, वगैरे. दीड पान. अक्षर सुरेख आलं. साहेब म्हणाले, विषय बरा काढलात. दुपारी नोटीस लागली: घाबरणाऱ्या पेशंटसोबत यापुढे मदतनीसाने आत थांबावे. खाली बारीक अक्षरात: पद्धत नवीन मदतनीस बाईंकडून शिकून घ्यावी.

१४ मार्च
बायकोची पाठ महिनाभर दुखतेय. आता पायाला मुंग्याही येतात. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, मंगळवारी. तिला म्हटलं, घाबरू नकोस, डिपार्टमेंट आपलंच आहे. मनात म्हटलं, आता बघाच. घरच्या माणसाचा अंगठा मीच धरणार. तिथे ताई-बिई कुणी नको.
जेवण झाल्यावर तिच्या अंगठ्यावर सराव केला. म्हणाली, नख लागतंय.

१८ मार्च, दुपारी ३
तिला टेबलावर झोपवलं. अंगठा धरला. तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अहो, हात किती गार पडलेत तुमचे! आणि अंगठा केवढा आवळलाय! तुम्ही बाहेर बसा बघू. त्या ताईंना पाठवा.
एसी जास्त होता.
बाहेर बाकावर बसलो. मांडीवर तिची पर्स, चष्मा, कानातलं. आतून ठकठक. अकरा वर्षं ऐकतोय, पण ती एवढी मोठी असते हे ठाऊक नव्हतं. अंगात युनिफॉर्म असून दोघांनी विचारलं, काका, तुमचा कितवा नंबर?
पस्तीस मिनिटांनी बायको बाहेर आली. हसत. त्या बाईच्या खांद्यावर हात टाकून. एवढा हात माझ्या खांद्यावर लग्नाच्या फोटोतही नाही.

१९ मार्च
रिपोर्ट आला. मणक्यातली गादी किंचित सरकलीय. ऑपरेशन नको, व्यायाम पुरे. दोनदा वाचला, मग खुर्चीत बसलो.
संध्याकाळी बायको फोनवर. त्याच बाईशी. चाळीस मिनिटं. स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज. माझ्याबद्दलच असणार. लाथेचा किस्सा, तक्रार, गार हात, सगळं. शेवटी राहवेना. फोन ठेवल्या ठेवल्या आत जाऊन सरळ विचारलं, माझ्याविषयी काय काय बोललात?
म्हणाली, तुमचा विषयच निघाला नाही.