पाण्याची राखण

अंधेरी, ता. ६ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. प्रेमा हिस, अ. उ. आ.

आधी गोड बातमी. नोकरी लागली. गिरणीचं धुराडं काही पुन्हा पेटत नाही, तेव्हा माझ्याबरोबरच्या सीतारामने ओळखीने एका बंगल्यात चिकटवलं. गेट, बाग आणि मागे पोहायची टाकी. हसू नकोस, खरंच घरच्या घरी पोहायची टाकी आहे! तिच्यातलं क्लोरिन बरोबर ठेवायचं, हे माझं मुख्य काम. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. फिकं पिवळं झालं तर झकास. रंग आलाच नाही तर टाकीत शेवाळ धरतं, नारिंगी झालं तर माणसाचे डोळे जळतात. पूड ऊन उतरल्यावर टाकायची, नाहीतर उन्हात उडून जाते.

बाईसाहेबांचे गुडघे धरलेत. डॉक्टरने पाण्यात चालायला सांगितलंय, पण त्यांना पाण्याची भीती. कडेचा दांडा धरून उभ्या राहतात नि वर येतात. त्यांना बघून तू आठवतेस, खाडीत पोहताना मला मागे टाकून जायचीस ती. माझी खोली पंपाशेजारी आहे. लहानच आहे, पण एकट्याला मोठी वाटते.

आईला नमस्कार, राधाला पापा. लोभ आहे तितका तरी राहू दे.

तुझा लवू


मसुरे, ता. १२ मार्च १९८४

श्री. राधाच्या बाबांस, सा. न. वि. वि.

राधाने शाळेत सांगितलं की माझे बाबा टाकी सांभाळतात. पोरं विचारतात, गोडं तेल की रॉकेल? शिमग्याला येत नाही म्हणून कळवलंत, कारण टाकी सोडवत नाही. पोरीला गोवर आला तेव्हाही तुम्हाला इतकी काळजी नव्हती. माझ्या सवतीचा रंग रोज बघता, माझा बघून वर्ष झालं.

तुमचा खुंटीवरचा सदरा मी इतके दिवस धुतला नव्हता. काल धुतला. तुमचा वास त्यातून कधीच गेला होता. मी रुसले असं समजू नका, रुसायला माणूस समोर लागतं.

मे महिन्यात नक्की या. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली प्रेमा


अंधेरी, ता. २० एप्रिल १९८४

चि. सौ. प्रेमा हिस, अ. उ. आ.

रागावू नकोस, मे महिन्यातही जमत नाही. सुटीला बाईसाहेबांची नातवंडं येणार. पोरं दिवसभर डुंबली की क्लोरिन भराभर संपतं, सारखं तपासावं लागतं. माझ्या आधीचा माणूस गावी जाऊन आला तर पाणी हिरवंगार आणि त्याच्या जागी मी. माझी वाट लागायला तेवढं पुरे.

म्हणून तूच ये ना. बाईसाहेबांना विचारलंय, पंधरा दिवस राहू दे म्हणाल्या. राधाला आईजवळ ठेव आणि आपल्या धाकू काकाच्या सोबतीने निघ. कोकम तेवढं आण. नाही म्हणू नकोस गं.

तुझा लवू


अंधेरी, ता. १८ मे १९८४

ती. सासूबाईंस, शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. पण आल्या दिवशी काय झालं ते ऐका. माझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या तुमच्या लेकाने टाकीत एकदा पूड टाकली, विसरले, पुन्हा टाकली. नळीतलं पाणी नारिंगी! नातवंडांना उतरायची बंदी. बाईसाहेब भडकल्या, म्हणाल्या, बायको आल्यावर काम सुचत नसेल तर दोघंही गावी जा. ह्यांचा चेहराच उतरला.

पंप चालू ठेवला, टाकी कडक उन्हात तशीच राहू दिली. तिसऱ्या दिवशी रंग फिका पिवळा आला, पण बाईसाहेबांचा नळीवर विश्वास बसेना. शेवटी मी म्हटलं, मी उतरते, माझे डोळे जळले तर आजच्या गाडीने जातो. पदर खोचला नि बुडी मारली. पाण्यात डोळे टक्क उघडे ठेवले. काही झालं नाही. उताणी तरंगत वर पाहिलं तर हे काठावर, हसत होते की रडत, कळेना. बाईसाहेब पायरी उतरून आल्या. मी हात पुढे केला आणि त्यांनी दांडा सोडला.

आता आम्ही दोघी रोज पाण्यात चालतो. त्या म्हणतात, राहा इथेच, पगार देते. आई, मला राहावंसं वाटतं, लिहिताना लाज वाटते. पण राधाशिवाय घास उतरत नाही. तिथे असले की हे हवेत, इथे असले की ती हवी. तुम्ही सांगाल तसं करीन. तुमची छाया असू द्या.

आपली सून प्रेमा


मसुरे, ता. २९ मे १९८४

चि. लवू व चि. सौ. प्रेमा यांस आईचे अनेक आशीर्वाद.

प्रेमा, तुझं पत्र राधा घरी नसताना पोस्टमनने वाचून दाखवलं. उत्तर मी सांगते नि राधा लिहिते. तिला धाकूबरोबर पाठवते आहे. शाळा सुरू होईल, तिथेच घाला. हे तिला आधी सांगितलं नव्हतं. ऐकल्यावर पेन टाकून अंगणभर नाचून आली, मग माझ्याकडे बघून मला येऊन बिलगली. आता लिहिते आहे.

लाजू नकोस गं. तुझे सासरे मुंबईत होते, तेव्हा मलाही तिथे राहावंसं वाटायचं. मी कोणाला बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तुम्ही मला ये म्हणाल. मी येणार नाही. गाय आहे, माडांना शिंपणं आहे. माका काय होऊचा नाय. राधा गेली की माझं पत्र लिहायला इथे कोणी नाही, पोस्टमनला मनातलं सांगायला मला जमायचं नाही. तेव्हा उत्तर आलं नाही तरी तुम्ही लिहीत राहा. पोस्टमन पडवीत बसून वाचतो, सांगितलं तर पुन्हा वाचतो.

तुमची आई

ता. क. आजी रडत नाही, असं आजीने लिहायला सांगितलं आहे. – राधा