करीच्या दिवशी उंबऱ्याबाहेर

सोलापूर, मार्च १९३४, दिवेलागण

रोज लिहीन म्हणतो आणि रोज टाळतो. आज भीमाच्या आत्यानं लिहायला लावलं. बिहारच्या भूकंपवाल्यांसाठी गल्लीत कपडे गोळा करत होते, तर तिनं पेटीतली कोरी चादरच काढून दिली. "माज्या भाच्याला ज्यांनी उकरून काडलं, त्यांच्या अंगावर पडू दे."

भीमा आणि मी भटकत बिहारात मुंगेरला पोचलो होतो. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. भीमा खोलीतच बसला. "आज कर हाय, उंबरा वलांडू नगंस." पण बाहेर माकडवाल्याचं डमरू वाजलं, मग मी बसतोय कुठला! तेवढ्यात जमीन हादरली आणि मागं खोली कोसळली. स्वतःची घरं पडलेली असताना अनोळखी माणसांनी हातांनी विटा उपसून त्याला जिवंत काढलं. पाय चिरडलेला. गाडीत घालून कुठल्या इस्पितळात नेलं, ते अजून कळलेलं नाही.

त्या माणसांची नावंसुद्धा विचारली नाहीत मी. आणि आत्याकडे ती एकच कोरी चादर होती. देवा, तो जगला असला तर

दारात टांगा थांबलाय. आत्या किंचाळली, "भीमा!" आणि बाहेरून त्याचाच आवाज, "आरं, आज कर न्हाय न्हवं? मग ये की बाहीर, कुबडी धर माजी!"