निळ्या रेघेची तक्रार

३ नोव्हेंबर, सोमवार

फुटली. पाण्याची मोठी वाहिनी. खोदणाऱ्या यंत्राने नेमका तिच्यावरच दात घातला. जुन्या कागदी नकाशात ती आहे. मी लॅपटॉपवर काढून दिलेल्या नव्या नकाशात नाही. वरची अख्खी वस्ती कोरडी, त्यात दवाखाना.

मोठे साहेब ओरडले नाहीत. "बावीस वर्षांत तुमच्या कामावर मी दुसऱ्यांदा नजर टाकली नाही हो," एवढंच म्हणाले. शिव्या परवडल्या असत्या.

चौकशी होईपर्यंत नकाशे बंद. भांडारात बसायचं.

४ नोव्हेंबर

मी रेघ सोडणारा माणूस नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय — गणित सुटलं की समोर तांबडी खूण, खूण केल्याशिवाय पुढच्याला हात नाही. आजही एकेक वाहिनी लॅपटॉपवर काढली की जुन्या कागदावर तिच्यापुढे तांबड्या पेन्सिलीने बारीक खूण करतो. कार्यालयात कुणाला ठाऊकही नाही. तो कागद हातात असता तर एका मिनिटात निकाल लागला असता. पण तो चौकशीच्या फायलीत मुख्य कार्यालयात गेलाय.

संशय लॅपटॉपवर आहे. दोन महिने खोड्या करतोय. मध्येच हिरवा पट्टा सळकन धावतो. बारीक रेघा नाहीशा होतात, परत येतात. माझा अंदाज — त्या वाहिनीची निळी रेघ मी काढली होती. ती दिसेनाशी झाली असताना शेजारचं काही पुसलं, त्यात तीही गेली. हे सिद्ध करायचं.

साहेबांना विचारून लॅपटॉप घरी आणला.

५ नोव्हेंबर

कंपनीच्या मदत केंद्राला फोन. तिकडची मुलगी गोड बोलते. "काका, बंद करून चालू केलात का?" केला. "चित्र दाखवणारी प्रणाली नवी करून घेतलीत का?" करून घेतली. "मग आता दिसतंय का?"

आता दिसत नव्हतं. तिच्यासमोर लॅपटॉप अगदी शहाण्यासारखा वागला.

"काका, दोष पुन्हा घडवून दाखवता आला तरच तक्रार पुढे जाते."

फोन ठेवला आणि पट्टा धावला.

७ नोव्हेंबर

भांडारपालाला सगळे बिनतारी म्हणतात — बातमी त्याच्याकडून निघाली की तारेशिवाय पोचते. आज म्हणतो, "काय हो, सापडली का रेघ? मागच्या फळीवर एखादी जुनी पडलेली असेल तर बघतो." भांडारातले दोघं कारकून हसले. मीही हसलो. काय करणार.

९ नोव्हेंबर, रविवार

थोरली मदतीला बसली. घरचा टीव्ही लॅपटॉपला जोडला. टीव्हीवरही तेच — रेघ गायब. मोबाइलने फोटो काढायला गेलो तर म्हणाली, "बाबा, तुम्ही नका काढू. लॅपटॉपलाच त्याचा स्वतःचा फोटो काढू द्या."

काढला. त्यातही रेघ नाही. म्हणजे काच चांगली आहे, वायरही चांगली आहे. चित्र काचेपर्यंत यायच्या आधीच बिघडतंय.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाप-लेक त्या डब्याला जपताय तेवढं मला जपा."

१० नोव्हेंबर

आज एकदाही झालं नाही. बिघडत नाही म्हणून वाईट वाटावं, अशी वेळ पहिल्यांदाच आली.

११ नोव्हेंबर

वही केली. वेळ, किती मिनिटं चालू होता, चार्जर लावलेला की काढलेला, नकाशा किती मोठा केला होता. रोज सकाळी देवापुढे डोळे मिटायचे, मग वही उघडायची. 'रेघ सापडू दे' असं मागत नाही. 'असेल ते दिसू दे' एवढंच.

१४ नोव्हेंबर

धरलं! चार्जर काढायचा. दोन वाहिन्या जवळजवळ चिकटतील इतका नकाशा लहान करायचा. मग झटकन डावीकडे सरकवायचा. खालची रेघ जाते. दहा वेळा केलं, आठ वेळा गेली. चार्जर लावला की एकदाही नाही.

थोरलीने मोबाइलवर चित्रफीत घेतली. तक्रार मी लिहिली — आधी काय केलं, मग काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. राग कुठे येऊ दिला नाही. चार पानं झाली.

१७ नोव्हेंबर

तीच मुलगी. "काका, एवढी नीट तक्रार आम्हाला कुणी पाठवत नाही." लॅपटॉप तपासायला मागवून घेतला.

२४ नोव्हेंबर

कंपनीचं पत्र आलं. दोष खरा आहे. त्यांच्याकडच्या लॅपटॉपवरही रेघा गेल्या. 'आपल्या नोंदींमुळे कारण सापडले.'

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि उठून उभे राहिले. "उद्यापासून तुमच्या जागेवर या. माझंच चुकलं हो." बिनतारीने दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांवर बातमी पोचवली. पेढ्यांची मागणीही त्यानेच केली, माझ्या नावाने.

ही म्हणाली, "आता तरी दोन घास स्वस्थ खा." खाल्ले.

२५ नोव्हेंबर

जागेवर बसलो. टेबलावर फाईल परत आलेली. कागद उघडला.

वरच्या वाहिनीपुढे तांबडी खूण आहे. खालच्या वाहिनीपुढे आहे. फुटलेल्या वाहिनीपुढे नाही.

चष्मा पुसून पाहिलं. खिडकीशी नेऊन पाहिलं. नाही.

मग आठवलं. त्या दुपारी थोरलीचा फोन आला होता — "बाबा, नोकरी लागली." मी उठलो, सगळ्या टेबलांपाशी सांगत फिरलो. परत येऊन बसलो तो एक रेघ पुढे. लॅपटॉपने पुसली नाही. ती मी काढलीच नव्हती.

दोष खरा आहे. पत्र खरं आहे. फक्त माझा निर्दोषपणा खरा नाही.

तांबडी पेन्सिल पेल्यात होती. हातात घेतली. त्या खुणांचा अर्थ माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. टोकही केलेलं होतं. पुष्कळ वेळ धरून बसलो.

थोरलीला फोनचं सांगायचं नाही. कधीच नाही.

२६ नोव्हेंबर

कागद साहेबांपुढे ठेवला. आधी खुणेचा अर्थ सांगितला, मग कोरी जागा दाखवली. पेन्सिल तिथेच ठेवून आलो.

हे भांडारात बसून लिहितोय. बिनतारी समोरच आहे. सकाळपासून एक शब्द बोललेला नाही.